शेखरच्या गाडीची पुली

२७ एप्रिल, रविवार

शेखरने इंजिनाची पुली बदलली! मला विचारलंही नाही. नातू कशाला विचारेल म्हणा — मी सातवी शिकलेला, सायखेड्याला जन्मभर पिठाची गिरणी चालवलेली. पण पुली आणि पट्टा एवढंच तर मला कळतं.

अंबडला ज्या कारखान्यात तो लेथवर आहे, तिथेच कातून घेतली. ॲल्युमिनियमची, जुनीपेक्षा लहान. अंडरड्राइव्ह पुली म्हणतात म्हणे. "आबा, डायनामो आणि पाण्याचा पंप फिरवण्यात इंजिनाची ताकद वाया जाते. ही पुली लहान केली की ते दोन्ही हळू फिरतात. उरलेली ताकद चाकाला!" मोबाइलवर कोणी गोरा माणूस हेच सांगत होता. त्याची गाडी शर्यतीची. आपली वीस वर्षांची, शेखरच्या बापाने, माझ्या वाल्मीकने घेतलेली.

मी म्हटलं, पंपच हळू फिरला तर इंजिन गार कोण ठेवणार?

"आबा, ही गिरणी नाहीये."

२८ एप्रिल, सोमवार

जुन्या पुलीत रबराचं कडं होतं. नवीत नाही. ते कडं उगाच घातलं असेल का? इंजिनाचा थरथराट ते गिळत असणार. सकाळपासून हेच डोक्यात.

३० एप्रिल, बुधवार

शेखरबरोबर फेटे बघायला गेलो होतो. जाताना रस्ता मोकळा, गाडी खरंच छान पळाली. खोटं कशाला लिहू! पण परतताना द्वारका चौकात अडकलो. गाडी जागेवर उभी, आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला.

"शेखर, दिवा!"

"लागतो तो उभं राहिलं की. थोडी रेस दिली की जातो." रेस दिली. गेला. पण गरमीचा काटा वर चढत होता, तो मी पाहिला. गाडी निघाल्यावर खाली आला.

म्हणजे पळाली तर ठीक, थांबली तर तापते. आणि पुढच्या गुरुवारी शेखरची वरात! वरातीत गाडी माणसाच्या पावलाने चालते. डीजे हलेल तेव्हा हलेल. मे महिन्याचं ऊन. बॉनेटसमोर पोरं नाचणार. आत शेखर आणि नवी नवरी, आभा.

सायखेड्याला एका जीपचं पाणी उकळून झाकण उडालं होतं. ड्रायव्हरचं भाजलेलं तोंड पाहवत नव्हतं.

२ मे, शुक्रवार

गॅरेजवाल्या यादवकडे जाऊन आलो. घरी देवळात जातो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, हायवेला चालून जाईल. शर्यतीवाले लावतात, त्यांचं इंजिन सदा जोरात फिरतं. आपल्या वापराला काय उपयोग? दोन पैशांची ताकद आणि रुपयाची कटकट."

मग काढून टाक म्हटलं.

"जुनी पुली माझ्याकडेच पडलीय. लगेच बसवतो. पण गाडी शेखरची. तो म्हणाला पाहिजे."

३ मे, शनिवार

रात्री जेवताना विषय काढला. शेखर चिडला. "लग्न माझं आहे की गाडीचं?" सूनबाई, शेखरची आई, भाकरी आणायला उठली. आमची ही, कुसाबाई, मात्र थांबायची नाही. "यांना मिक्सरची पण भीती वाटते. मी चटणी वाटायला घेतली की हे बाहेर ओट्यावर जातात!" सगळे हसले. मीही हसलो.

वाल्मीक गेला तेव्हा शेखर सहावीत होता. आम्हा तिघांना तो एकच. हे यांना सांगायला नको, पण मग भीती मला एकट्यालाच का वाटते?

५ मे, सोमवार

केलं.

दुपारी घरचे सगळे बस्त्यातल्या साड्या बदलून आणायला गेले. शेखर कामावर, मोटरसायकलने. गाडी दारात. बॉनेट उघडलं. पट्टा ताणणारा बोल्ट सापडायला वेळ लागला नाही. सैल केला, डायनामो आत ढकलला, पट्टा हातात आला. बॉनेट लावून, पट्टा घेऊन घरात.

गिरणीत पट्टा उतरवला की दळण बंद. तशी ही जागची हलणार नाही. बुधवारी सजवायला काढतील तेव्हा कळेल. यादव येईल, मी म्हणेन आता जुनी पुलीच बसव. नाहीतर भाड्याची गाडी आणतील. कोणाला इजा नाही. कोणाला इजा नाही!

६ मे, मंगळवार, सकाळी

गाडी दारात नाही.

मी अंघोळीला होतो. कुसाबाई म्हणाली, "चांदवडला गेला, गोदावरीला आणायला. तुमच्या लेकीला बसमध्ये उलट्या होतात ना."

पट्ट्याशिवाय गेली कशी? सुरूच कशी झाली? धावत यादवकडे गेलो. म्हटलं, एक विचारायचंय, कोणाच्या तरी गाडीचं. तो म्हणाला, "बेल्ट नसला तरी सुरू होते की. बॅटरीवर चालते. चाकाचा आणि त्या बेल्टचा काय संबंध? पण पंप बंद, बाबा. थोड्या वेळात पाणी उकळतं. दिवा लागतो ना, माणूस लगेच थांबतो."

शेखर थांबणार नाही. त्याला त्या दिव्याची सवय झालीय. रेस देईल!

६ मे, त्यानंतर

फोन लागत नाही. आग्रा रोडला ट्रकची रांग असते. त्यात मधेच बंद पडली तर? झाकण उघडायला गेला तर? सांगू का घरात? तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. कुसाबाई म्हणते, "काय झालं? पांढरे पडलात." काही नाही म्हटलं.

वाल्मीक, पोराकडे बघ रे.

६ मे, संध्याकाळी

आला! स्वतःच्या पायांनी आला. ओझरच्या अलीकडे वाफ यायला लागली. बाजूला घेतली, झाकणाला हात लावला नाही, यादवला फोन केला आणि मग मोबाइलची बॅटरी संपली. यादवने गाडी ओढून आणली. गोदावरी उलट्या करत बसनेच आली.

शेखरने सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या पुलीने बेल्ट फेकला. आबांचं खरं होतं." जुनी पुली बसवून घेतली. कुसाबाईने पहिल्यांदा माझ्याकडे मानाने पाहिलं. गोदावरी म्हणाली, "आबा, तुम्हाला बरं आधीच कळलं!" यादव काही बोलला नसेल ना?

७ मे, बुधवार

हळद झाली. पिवळ्या अंगानेच शेखर पाया पडायला वाकला. उठताना माझ्या कानाशी म्हणाला, "पुलीने बेल्ट फेकला तर बोल्ट सैल होत नसतो, आबा."

आणि स्वतःच्या गालावरची हळद माझ्या गालाला पुसली.