न बुजलेली रेघ

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितपत). वहिनींच्या पाठीला आता आराम असेल. तुझी तब्येत विचारत नाही. ती उत्तम असल्याशिवाय माणूस फोनवर इतका वेळ रागावू शकत नाही.

ऑपरेशन होऊन माझ्या स्तनातली गाठ गेली, आणि आजार आणखी कुठे पसरू नये म्हणून मी एका नव्या गोळीच्या चाचणीत नाव घातलं, तेव्हापासून तुझा हा राग आहे. पहिल्या तपासणीत ‘नवीन काही नाही’ असं निघालं, तर तू म्हणालास, “एवढ्या गोळ्या खाऊन काहीच नाही? मग औषध बदल.” तुला दोष देत नाही. मी तुझीच बहीण असल्याचं परवा चारचौघांत सिद्ध केलं, तेवढं ऐक.

चाचणीतल्या आम्हा बायकांना परवा प्रयोगशाळा दाखवायला नेलं. माझ्याबरोबर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या (ओळख इस्पितळातल्या बाकावरची, तिथे माणसं आधी गाठीबद्दल बोलतात, नाव मागाहून विचारतात, आमचं अजून राहिलंच आहे). तिथल्या संशोधक मुलीनं सूक्ष्मदर्शकाखाली आळीपाळीनं दोन काचेच्या बशा ठेवल्या. दोन्हींत कर्करोगाच्या पेशींचा दाट थर आणि थराच्या मधोमध आदल्या दिवशी पेशी खरवडून ओढलेली रेघ, केसांतल्या भांगासारखी. पहिल्या बशीत पेशींनी सरकत सरकत भांग पार बुजवला होता. दुसरीत आमचं औषध घातलेलं. तिथे भांग जसाच्या तसा. शिवणवाल्या बाई डोळा लावून म्हणाल्या, “पहिलीचं रफू झकास झालंय. दुसरीचं राहिलंच की.” मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं. संस्कृतात नापास झालेल्या मुलांना धीर देण्यात माझी हयात गेली, तोच हात तिच्या पाठीवर ठेवून म्हटलं, “असू दे गं. पुढच्या वेळी बुजेल.” बाईंनी पिशवीतून तिला पेपरमिंट काढून दिलं. ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

“काकू, बुजली नाही हेच तर हवंय.”

मग तिनं समजावलं. हा आजार जिवावर उठतो तो बहुधा मूळ जागी बसून नव्हे; तिथून निघून हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात बिऱ्हाड थाटतो तेव्हा. आमचं औषध पेशीला मारायला जात नाही. त्याचा रेणू इतका लहान, की पेशीच्या आत शिरतो आणि तिला पाय उचलू देणारी यंत्रणाच धरून ठेवतो. (‘जाणे’ अर्थाचा गम् धातू मी जन्मभर मुलांकडून चालवून घेतला, त्याला थांबवणारं कुणी निघेल असं वाटलं नव्हतं.) बशीत जमलं ते बाईत जमेलच असं नाही, हेही तिनं न विचारता सांगितलं. माझा तिच्यावर विश्वास बसला तो तिथे.

तेव्हा दादा, या औषधाचं यश कसं दिसतं, तर दिसतच नाही. मी वसतिगृहातून पत्रं लिहायची, तेव्हा तू चिडायचास, की चार पानं भरतेस आणि शेवटी ‘बाकी नवीन काही नाही’. आता त्याच वाक्यासाठी रोज सकाळी गोळी घेते. कधी पाठ दुखली तर गादीला दोष देते, आणि तो गादीचाच असावा म्हणून बराच वेळ तशीच बसून राहते.

औषध बदलणार नाही. लोभ आहेच, राग थोडा कमी असावा.

तुझी,
जागची न हललेली धाकटी

ता. क. : गुरुवारी सकाळी दुसऱ्या तपासणीचा निकाल सांगणार आहेत. तू येण्याची मुळीच गरज नाही. ऑपरेशनच्या दिवशी निवृत्त लिफ्ट-तपासनीस या नात्यानं तू इस्पितळाची लिफ्ट मध्येच थांबवलीस आणि आत माझेच भूलतज्ज्ञ होते, ही गोष्ट तिथे नव्या परिचारिकांना अजून सांगतात.

ता. ता. क. : ये. डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. मागच्या वेळी दुसरीवर मी पर्स ठेवली होती. तुला बोलायचं काही नाही; फक्त त्या खुर्चीतून हलायचं नाही. बाहेर आल्यावर वहिनींना फोन तूच कर. ‘नवीन काही नाही’ एवढंच सांगता आलं, तर ते माझ्यासमोर सांग, आणि या खेपेला रागावू नकोस.