आ करा, काका

३ फेब्रुवारी
नर्सिंगच्या पायाभूत कोर्सला नाव घातलं. थिअरी घरी ऑनलाइन, प्रॅक्टिकल कॉलेजात. ऑफिस बंद पडून आठ महिने झाले, सौ. दोन-दोन शिफ्ट करते. प्रॅक्टिकल पास झालो की वॉर्ड, वॉर्ड झाला की नोकरी, आणि तिची दुसरी शिफ्ट बंद. शब्द दिलाय.
मेहुणा म्हणाला, ताटात केस निघाला तर तुम्ही दोन दिवस जेवत नाही, तुम्ही कसली सेवा करणार! त्याला सांगितलं, याला स्वच्छतेची जाण म्हणतात. नर्सला तीच लागते.

६ फेब्रुवारी, सकाळी १०
व्हिडिओ फारच रटाळ. दुप्पट स्पीडवर लावले. चार तासांचा अभ्यास दोन तासांत. उरलेले दोन तास विश्रांती, डोळ्यांना ताण नको.
ड्रेसिंगचा व्हिडिओ डोळे मिटून ऐकला. ‘पू’ हा शब्द अकरा वेळा. शी! शिकलेल्या बाईने सारखं सारखं बोलावं का असं?

९ फेब्रुवारी
असाइनमेंट : व्हिडिओतल्या आजोबांचे श्वास मोजा. हातातलं घड्याळ लावून मोजले, मिनिटाला छत्तीस! ग्रुपवर सगळ्यांनी अठरा लिहिलेत. खरमरीत पोस्ट टाकली : म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय आणि तुम्ही नॉर्मल लिहिता? लाज वाटू द्या.

१० फेब्रुवारी
मॅडमचं एका ओळीचं उत्तर. व्हिडिओचा स्पीड एकवर आणा. त्याखाली बावीस जणांचे हसरे चेहरे. अशा लोकांच्या हाती उद्या रुग्ण जाणार.

१४ फेब्रुवारी
ऑनलाइन टेस्टमध्ये शहाण्णव. वर्गात पहिला. सौ.ला फोन केला. म्हणाली, नंतर बोलू, सुपरवायझर उभा आहे.

२१ फेब्रुवारी
कॉलेजात पहिला दिवस. लॅबमध्ये पलंगांवर प्लास्टिकचे पुतळे. घाम नाही, वास नाही, तक्रार नाही. रुग्ण असावा तर असा. माझ्या पुतळ्याला अंघोळ घातली. मॅडम म्हणाल्या, पडदा ओढला नाहीत. पुतळ्याला कसली आलीये लाज?
परीक्षा मात्र जिवंत माणसावर. माउथ केअर : दात, हिरड्या, जीभ साफ करायची. जोड्या लावल्यात, एकमेकांचं तोंड. माझ्या जोडीला चष्मेवाली, वय वीस.
मळमळतंय. कँटीनच्या चहामुळे असावं.

२३ फेब्रुवारी
संकल्प : रोज अर्धा तास सराव. दुपारी सौ. शिफ्टमधून येऊन आ वासून झोपली होती. टॉर्च मारून दोन सेकंद पाहिलं. पुरेसं आहे. ती दचकून उठली. म्हणाली, पुन्हा असं केलंत तर बघा.

२७ फेब्रुवारी
सराव झाला नाही. गरजही नाही. सगळ्या स्टेप्स तोंडपाठ आहेत.

२८ फेब्रुवारी, दुपारी ३
नापास.
चष्मेवालीच्या दाढेत पालकाचं पान अडकलेलं. परीक्षेला येताना पालक कोण खातं? एवढीशी हिरवी चिंधी. ट्रे टाकून बेसिनकडे धावलो. मॅडमनी कागदावर काट मारली. वॉर्डला पाठवणार नाहीत.
मग तिची पाळी. मी पलंगावर. आधी तिने पडदा ओढला. म्हणाली, आ करा, काका. सावकाश सगळं साफ केलं, जिभेच्या मुळापर्यंत. मध्येच विचारलं, दुखत तर नाही ना? तिला पैकीच्या पैकी.
शेवटी मॅडमनी वर्गासमोर तिचं कौतुक केलं. वास पार दारापर्यंत येत होता, पण पोरीने नाक मुरडलं नाही, शिका जरा. बावीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सायंकाळी ५.३०
सौ.ला सांगितलं, नापास झालो. ती चप्पल घालत होती. न राहवून विचारलं, माझ्या तोंडाला वास येतो का?
म्हणाली, लग्न झाल्यापासून.
डबा उचलला आणि दुसऱ्या शिफ्टला गेली.