नऊ पॉइंट चार

अण्णा, आज कंपनीच्या लॅबमध्ये नवीन लागलेल्या एका मुलीला मी चांगलंच झापलं. तिच्या वहीत तिन्ही रीडिंग शेजारी शेजारी, अगदी सारखी. तोंडातून निघून गेलं, "लय हुशार ब्युरेट हाय तुमचं!" ती बिचारी घाबरली आणि मी स्वतःच दचकले, कारण ते शब्द तुमचे आणि आवाजही जवळजवळ तुमचाच. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. घरी आले, कुकर लावला आणि जेवणाच्या टेबलावरच लिहायला बसले.

बारावीच्या दिवाळीत तुम्ही माझं केमिस्ट्रीचं जर्नल उघडलं होतंत. आदल्या वर्षीच्या मुलीचं जर्नल समोर ठेवून उतरवायचं, हा आमच्या कॉलेजातला रिवाजच होता. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतसुद्धा नव्हतं. तुम्ही दहावीपर्यंत शिकलेले, त्यातलं इंग्रजी तुम्हाला लागायचं नाही, पण आकडे लागायचे. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी तपासण्यात तुमची हयात गेली, दिवसातून चार-चार वेळा ब्युरेटची काचेची मोजनळी हातात. पान उलटत गेलात, बोट ठेवत गेलात. "सगळीकडं तिन्ही सारखीच? हे तू केलं का?" मी म्हटलं, सगळेच असं लिहितात. तुम्ही ओरडला नाहीत. जर्नल मिटून माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "मी असं लिहिलं ना, तर पाइप फुटंल. बॉयलरला माझं अक्षर वाचता येत नाय, बाई." मला इतका राग आला होता तुमचा! मार्क मला मिळवायचे होते, बॉयलरला नाही.

पण दुसऱ्या आठवड्यात तुम्ही साहेबांना विचारून मोडीत निघालेलं एक ब्युरेट घरी आणलंत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलंत. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हळद टाकली की लालभडक होतं, वरून लिंबाचा रस थेंब थेंब सोडला की एका थेंबाला पिवळं पडतं. तो एक थेंब मला पकडता येईना. "डाव्या हातानं तोटी धर. घाई कशाची? गाडी चुकतीय का?" आई कपाळाला हात लावून उभी. "बापलेकीनं हळदीचा डबा संपवला, लिंबं संपवली, आता मलाच त्या नळीत घाला!" ओट्यावर बाटलीच्या तोंडाशी कांदा बसवलेला, जीवशास्त्राच्या तयारीसाठी मुळं फुटायला, तो तिनं एकदा भाजीत चिरून टाकला, तेव्हा तुम्ही हसून हसून खाली बसलात. गाजराच्या खाचेत रोपाचा देठ धरून तुमच्या दाढीच्या ब्लेडनं त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायलाही तुम्हीच शिकवलंत, आणि मी पुस्तकातली आकृती काढायला लागले की म्हणायचात, "तुला भिंगातून काय दिसलं ते काढ. पुस्तकातलं पुस्तकात हाय."

रविवारी मी कृती लिहून दाखवायची आणि मराठीत सांगायची. तुम्ही मोरीजवळ बसून बुटांना पॉलिश करताय, थर्मलच्या चिमणीची राख दारातून आत येतेय, आणि मी सांगतेय: आम्ल गरम केलं, परमँगनेट सोडलं, गुलाबी रंग टिकला की थांबले. "जांभळ्या पाण्याचं रीडिंग वरच्या कडेला घ्यायचं, खालची कड दिसत नाय," हे तुम्ही सांगितलंत, आमच्या सरांच्या आधी. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, "आधी लिहायचं. मग विचार करायचा."

तेव्हा प्रॅक्टिकलचे मार्क बारावीत धरायचे आणि बारावीवरच पुढचं सगळं. मेडिकल नाही तर निदान फार्मसी, एवढंच माझ्या डोक्यात. एक मार्क गेला की शंभर पोरं पुढे जातात, असं थर्मलच्या कॉलनीतल्या सगळ्या काकूंना पाठ होतं. परीक्षेच्या दिवशी माझं रीडिंग आलं नऊ पॉइंट चार. पुन्हा केलं, नऊ पॉइंट चार. तिसऱ्यांदा, तेच. तोटी डाव्याच हातात होती, अण्णा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण ओठ न हलवता पुटपुटली, "सगळ्यांचं दहा पॉइंट दोन येतंय. मरशील गं!" बाहेरून आलेले परीक्षक पाठ करून उभे होते. मी पेन्सिलनं लिहिलेलं खोडलं आणि शाईनं लिहिलं: दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट तीन, दहा पॉइंट दोन. मधलं मुद्दाम वेगळं. तिन्ही सारखी असली की माणूस ओळखतं, हे मी तुमच्याकडूनच तर शिकले होते.

संध्याकाळी तुम्ही कॉलनीच्या बसथांब्यावर येऊन उभे होतात. ड्यूटीवरून थेट, डबा हातात तसाच. "काय आलं?" मी म्हणाले, नऊ पॉइंट चार, आणि बाकी सगळ्यांचं दहा पॉइंट दोन. "मग?" तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि मी बोलून गेले, "मी नऊ पॉइंट चारच लिहिलं." तुम्ही माझ्या हातातली पिशवी घेतलीत. "मार्क गेले तर जाऊ दे. मी हाय ना. आणखी एक वर्ष शिकवीन तुला." मेले असते तर बरं, असं तेव्हा वाटलं, आणि घरी जाऊन मी पोटभर जेवले.

मार्क जेमतेम पुरले. फार्मसीच्या यादीत माझं नाव शेवटून तिसरं. तुम्ही गुणपत्रिका खिशात घालून थर्मलला घेऊन गेलात. "पाहिलं का? सगळ्या वर्गानं एक लिहिलं आणि पोरीनं दिसलं तेच लिहिलं. परीक्षकाला कळतंय ना!" हे तुम्ही शिफ्टमध्ये सांगितलंत, निफाडला भावकीत सांगितलंत, माझ्या लग्नात व्याह्यांना बाजूला घेऊन सांगितलंत. दर वेळी मी पाणी आणायला, नाहीतर चहा बघायला उठायचे. तुम्हाला वाटायचं, पोर लाजते.

मग तुमची छाती भरायला लागली आणि तुम्ही दवाखान्यात होतात. ती दुपार. नर्स न बघताच तापाचा आकडा लिहून जात होती, तर तुम्ही धाप लागलेली असतानाही तिला थांबवलंत. "ताई, थर्मामीटर लावा आधी. ही माझी पोरगी बघा, बघितल्याशिवाय नाय लिहीत." ती हसली, तिनं थर्मामीटर लावला. ती गेल्यावर मी तुमचा हात धरला आणि म्हणाले, अण्णा, एक सांगायचंय. तुम्ही डोळे उघडलेत. "बोल ना." घाई तुम्हाला कधीच नसायची. तुम्ही वाट बघत राहिलात, आणि मी विचारलं, चहा आणू का? "अर्धा कप," म्हणालात. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

माझं खरं रीडिंग बरोबर होतं की चूक, ते मला आजही माहीत नाही. माझ्या टेबलावरच्या बाटलीतलं द्रावण वेगळं असेल, नाहीतर माझीच काही चूक झाली असेल. लॅबमध्ये मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे, पोरं माझ्या नावानं बोटं मोडतात, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करते. त्या मुलीची वही उद्या परत देईन, तिला समोर बसवून करायला लावीन. हे कागद मात्र कुठे टाकणार? फाडूनच टाकीन बहुतेक. तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून बोलले नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, अण्णा. तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचात, ती मला सोडवत नव्हती. आज तुम्ही असतात, तर हेसुद्धा मी लिहिलं नसतं.