शून्य फेऱ्या

प्रिय खारूताई,

हे सगळं फोनवरच सांगणार होतो. पण फोनवर मी खोटं फार सफाईनं बोलतो, असं अलीकडे माझ्या लक्षात आलंय. कागदावर तेवढं जमत नाही. गुरुवारी तू आपल्या गावाचा वीस वर्षांचा वाहतूक आराखडा नव्यानं करून नगरपालिकेच्या सभेपुढे ठेवणार, त्याआधी हे तुझ्या हाती पडायला हवं. दूधवाला आजच टपालात टाकतो म्हणालाय. तुझ्या आराखड्यातला एक आकडा चुकला आहे, बाळा. कुठला ते सांगतो, पण माझ्या चालीनं सांगू दे. वळणं घेतल्याशिवाय मी कधी मुक्कामाला पोचलोय का?

हल्ली मी खिडकीत बराच वेळ बसतो. काल बसल्या बसल्या बसस्थानकातली माझी काचेची खोली आठवली. शाळा सुटली की तू तिथे यायचीस, टेबलाखाली शिरून खडूनं फरशीवर रस्ते काढायचीस, आणि वर मी माइकवरून गाड्या पुकारायचो. साधं ‘गाडी फलाट तीनवर लागली आहे’ म्हणायचं, तर मी थांब्यांची नावं भुजंगप्रयातात बसवायचो. एकदा वृत्त जुळावं म्हणून एक थांबा चक्क गाळला. तिथल्या चौघांची गाडी चुकली आणि ते खिडकीशी येऊन कडाकडा भांडले. साहेब म्हणाले, अहो, लोकांना घरी जायचंय, कविसंमेलनाला नव्हे. तू टेबलाखालून फिदीफिदी हसलीस. रस्त्यांचं वेड तुला तिथेच लागलं, असं मी आजही लोकांना सांगतो. खरंखोटं तुलाच माहीत.

पुढे तू इंजिनियर झालीस आणि पहिल्याच नोकरीत आपल्या घरासमोरचा रस्ता तुझ्या हातून रुंद झाला. मग काय, आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवणं हा माझा धंदाच झाला. हा आमच्या लेकीचा रस्ता. दूधवालासुद्धा म्हणायचा, काका, तुमच्या लेकीच्या रस्त्यावर आज फार गर्दी आहे हं. तुझी आई तेवढी जमिनीवर. ती म्हणायची, रस्ता लेकीचा असेल, गाड्या परक्यांच्या आहेत. ओलांडताना मला दटावायची, कविता घरी म्हणा, इथे पाय उचला.

आम्ही दोघं रोज संध्याकाळी पलीकडच्या वाचनालयात जायचो. मी घड्याळ बांधत नाही, कवितेनं मोजतो. जुना रस्ता एका कडव्यात ओलांडून व्हायचा. नव्याला मला तीन कडवी लागतात, आणि सिग्नलचा हिरवा माणूस दुसऱ्या कडव्याच्या मध्येच निघून जातो. तुझी आई होती तोवर ती छत्री आडवी धरायची आणि ट्रकवालेही मुकाट थांबायचे. ती गेल्यावर दीड वर्ष मी एकटा जात राहिलो. मग चार महिन्यांपूर्वी एकदा मध्यावर दुभाजकाशी पोचलो आणि सिग्नल बदलला. दोन्हीकडून गाड्या. एकदा हिरवा झाला, पाय उचलेना. पुन्हा झाला, तरी उचलेना. एका बसचा चालक खिडकीतून म्हणाला, आजोबा, घरी सांगून निघालात ना? चेष्टेनंच म्हणाला बिचारा. बसमधले हसले, मीही हसलो. तिसऱ्या वेळी कसाबसा परत अलीकडे आलो. त्यानंतर मी तो रस्ता ओलांडलेला नाही. तू रोज विचारतेस, बाबा, आज काय वाचलं? आणि मी घरातलीच जुनी पुस्तकं नवी करून सांगतो.

त्यात दोन महिन्यांपूर्वी तुमच्या पाहणीवाली मुलगी फॉर्म घेऊन दारात आली. गळ्यातल्या ओळखपत्रावर तुझ्या कंपनीचं नाव. काल घराबाहेर किती फेऱ्या केल्या? मी म्हटलं, दोन, वाचनालयात जायची आणि यायची. कशानं? चालत. रस्ता ओलांडताना काही अडचण? छे, मुळीच नाही. तिला चहा पाजला, वर एक कविताही ऐकवली. काय करू, मला वाटलं, माझ्या लेकीचा पेपर समोर आलाय आणि मार्क मला द्यायचेत. बाप कुठे मार्क कापतो का?

सोमवारी तू फोनवर मसुदा वाचून दाखवलास. त्या भागातले सत्तरीपुढचे लोकही विनासायास ये-जा करतात, एक गृहस्थ तर रोज चालत वाचनालयात जातात, सबब तिथलं पादचाऱ्यांचं काम पहिल्या पाच वर्षांच्या यादीतून वगळलंय. किती खुशीत होतीस. फॉर्मवर नावं नसतात, तुला कसं कळणार? तो गृहस्थ मीच, खारूताई. आणि तूच मला एकदा समजावलं होतंस, की एक फॉर्म शंभर घरांच्या वतीनं बोलतो. म्हणजे माझ्या दोन फेऱ्यांनी शंभर म्हातारे हातात पुस्तक घेऊन झपझप रस्ता ओलांडायला लागले. प्रत्यक्षात ते घरात बसलेत. समोरच्या इमारतीत खिडकीशी बसलेले तिघं मला रोज दिसतात. आम्ही एकमेकांना हात करतो.

हे पत्र त्यासाठी. माझा फॉर्म काढ आणि फेऱ्यांच्या रकान्यात शून्य लिही. सभेत कुणी विचारलं, आयत्या वेळी आकडा का बदलला, तर खुशाल सांग, माझे वडील खोटं बोलले होते. तुझ्या पहिल्या रस्त्यात खोट काढताना माझा हात जड झालाय, पण आराखडा वीस वर्षांचा आहे आणि माझ्याकडे तेवढी नाहीत. वाचून घाबरून गाडी पाठवू नकोस, पुस्तकं घरपोच करायची सोयही करू नकोस. मला पलीकडे जायचंय, चालत.

तुझाच,
रस्त्याच्या अलीकडे राहिलेला
बाबा