दूध न पिणारा प्रवासी आणि माझे घर

मी, धुलाईच्या दुकानातली मोठी बाई, अविवाहित, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाखाली न येता, दाराला आतून कडी लावून हे लिहून ठेवत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत आहे. तो माझ्या डॉक्टरांचा आहे. माझा भाचा ज्यांना घेऊन आला होता त्यांचा नव्हे.

१. हयातभर मी गिऱ्हाइकांचे कपडे धुण्याआधी त्यांचे खिसे तपासले. देवमाणूस म्हणून मिरवणाऱ्यांच्या कोटांतून काय काय निघाले, ते माझ्याबरोबरच जाईल. तेव्हा मला संशयी म्हणणाऱ्यांनी त्याला अनुभव म्हणावे.

२. वाफेची इस्त्री शेजारच्या शिंपीणबाईंना द्यावी. त्यांनी ती पूर्वी मागितली होती. मी नाही म्हटले, तरी त्यांनी बोलणे टाकले नाही.

३. आता घर. त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. शाळेच्या पुस्तकात ती होती, आमच्या आईच्याही पुस्तकात होती. तहानलेला प्रवासी एका म्हातारीच्या दारी येतो. ती दुधाचा पेला ठेवून आत जाते. दुधात विष असेल या शंकेने तो पीत नाही, आणि पुढच्या माळावर तहानेने मरतो. गुरुजींनी तात्पर्य सांगितले : माणसावर विश्वास ठेवावा. माझ्या धाकट्या बहिणीला ते पटले. मी म्हणाले, "दूध चांगलं होतं असं कुठे लिहिलंय?" यावरून आम्ही दोघी एकाच घरात जन्मभर भांडलो.

धाकटी गेली आणि घर माझ्या एकटीचे झाले. त्याच हिवाळ्यात मी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तशी भाच्याची बायको रोज सकाळी डब्यातून सूप आणू लागली. इतकी वर्षे फिरकली नाही, आताच कशी आठवण झाली? मी "ठेव, पिते मग" म्हणायचे आणि ती गेली की सूप मांजरापुढे ओतायचे. मांजर गुबगुबीत झाले, मी मात्र वाळत गेले.

एकदा ती विसरलेली पिशवी न्यायला परत आली, तेव्हा मांजर ताटली चाटत होते. तिने ताटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आत्या, आवडत नाही की भीती वाटते?"

"भीती," मी म्हणाले. खोटे कशाला बोलू?

तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. "मग उद्यापासून इथेच करते, तुमच्या डोळ्यांदेखत. पहिली वाटी मी पिणार. चालेल?"

दुसऱ्या दिवसापासून मी स्टुलावर बसून तिच्या हाताची प्रत्येक हालचाल पाहिली. तिने एकदाही तोंड वाकडे केले नाही. ती प्यायली, मग मी प्यायले. विश्वास बसला म्हणून नव्हे, पाहिले म्हणून. महिन्याभरात मी जिना उतरू लागले.

गोष्टीतल्या म्हातारीने आत जायला नको होते. शेजारी बसून एक घोट घ्यायला हवा होता. आणि प्रवाशाने तोंडाने विचारायला हवे होते. हे तात्पर्य आम्हांला कोणी शिकवले नाही. धाकटीला पटले असते, कदाचित नसतेही.

४. म्हणून हे घर मी भाच्याच्या बायकोला, माझ्या सूनबाईला देते, तिच्या एकटीच्या नावे. भाच्याचे नाव कागदावर कोठेही येऊ नये. मला झोप लागली असे समजून तो खोलीची लांबी पावलांनी मोजतो.

५. यातले काहीही माझ्या हयातीत सूनबाईला सांगू नये. नाहीतर सूप पिताना मला पुन्हा नको ते सुचेल.

काल तिने विचारले, "काय लिहिताय, आत्या?" मी म्हणाले, "धुलाईचा जुना हिशेब." ती "बरं" म्हणाली, पण तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसले. घर योग्य हाती जात आहे.

ठिकाण : माझ्याच घराची पुढची खोली
दिनांक : ३ जुलै, गुरुवार

सही : धुलाईच्या दुकानातली मोठी बाई

साक्षीदार : १. माझे डॉक्टर
२. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही करण्याआधी त्यांनी सर्व पाने दोनदा वाचली, हे मला आवडले.)