मैत्रीच्या वाटेवर शेजारणीबरोबर

आई, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या केळीच्या वाडीपलीकडच्या मोकळ्या जागेत आता बाग झाली आहे. तिच्यात मेंदीची गुडघाभर कुंपणं लावून गोल गोल वाट केली आहे. लोक तिला चक्रव्यूह म्हणतात. पाटीवर मात्र लिहिलंय की ही दोन संस्कृतींमधल्या शांततेची आणि मैत्रीची वाट आहे. हिला फाटे नाहीत, चालत राहिलं की माणूस मध्यावर पोचतोच. आपल्या निर्मळ गावातल्या हिंदूंना आणि ख्रिस्ती लोकांना मैत्री शिकवायला एक बिल्डर का आला, हे पाटीवर कुठंच नव्हतं.

बागेचा सगळा खर्च त्याचा. आपली वाडी आणि शेजारणीची वाडी, दोन्ही त्याला हव्यात. मध्यंतरी ओटीवर बसून तो म्हणाला, "मावशी, त्यांनी हो म्हटलंय. आता तुमच्यासाठीच अडलंय." तेव्हापासून मी तिच्याशी बोलले नाही. तुमचा मुलगा गेला तेव्हा आपल्या घरी चूल पेटली नव्हती, तिच्याकडून पेज यायची. तीच बाई मला न सांगता जमीन देते? तीही मला बघून पाठ फिरवू लागली. मी म्हटलं, मनात खोट आहे, दुसरं काय.

उद्घाटनाला त्या वाटेनं चालायला आम्हा दोघींनाच बोलावलं. फोटोत एक हिंदू आणि एक ख्रिस्ती म्हातारी हवी होती, म्हणजे मी आणि ती. मी नाहीच म्हणणार होते. पण तुमचं स्वयंपाकघर आठवलं. मी नवी सून, भाकरी थापता थापता म्हणते, शेजारणीनं आपल्या पाळीचं पाणी घेतलं. तुम्ही तवा खाली उतरवता. "बघितलंस?" नाही, पण आपला पाट कोरडा आहे. "मग विहिरीवर जा आणि तिला विचार. चुलीपाशी बसून शेजार नासवू नकोस." जाऊन विचारलं तर कळलं, पाट खेकड्यांनी पोखरला होता.

म्हणून उद्घाटनाला गेले. ती पुढं, मी मागं. मध्यावर हात धरून उभं राहायचं होतं. "मावशी, हसा की जरा!" फोटोवाला बाहेरून ओरडला. मी हसत हसत विचारलं, "वाडी दिलीस ना?"

"मी? तू दिलीस म्हणून सांगितलं मला त्यानं! इतके दिवस शिव्या घालतेय तुला, बाय."

"मीपण."

"हात सोडू नको. बघतोय तो."

बाहेर आल्यावर त्यानं पेढे पुढं केले. तिनं पेढा घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आमच्यातलं कोण हो म्हणालं रे?" तो म्हणाला, "आज चांगला दिवस आहे, व्यवहाराचं नंतर बोलू."

आई, वाडी दिली नाही हे तिनं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं आणि मला ते पटलंही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र मीच वाचून दाखवायचे. हे पत्र तर कुणाला दाखवायचंच नाही. म्हणून लिहिते. तरी काल सकाळी मी तिच्या वाडीत डोकावून बिल्डरनं मोजणीच्या खुंट्या ठोकल्यात का ते बघितलं. एकही नव्हती. आज पुन्हा बघून आले.