अंगठा उमटेना

३ मार्च, सोमवार

नापास! दहाच्या दहा बोटं नापास. परवान्याच्या कचेरीतल्या बाईने एकेक बोट काचेवर दाबलं, पुसलं, परत दाबलं — यंत्र ढिम्म. "रेषा झिजल्यात यांच्या," असं लेकीला म्हणाली. झिजतील नाही तर काय! चाळीस वर्षं राखेने भांडी घासली, लोकांच्या कपड्यांना काजं केली. जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणवून घेतलं. लेकीला शाळेत घातलं तेव्हा अंगठा, नवरा गेला तेव्हाच्या कागदावर अंगठा. आणि आता म्हणे अंगठाच नाही!

अजून दोनदा मुभा आहे. तेव्हाही नाही उमटला, तर एकतीस तारखेला माझी पाहुणचाराची मुदत संपली. परत जायचं मायदेशी, रिकाम्या घरी.

हे लिहितायत जावईबापू. पहाटेची बस चालवून दुपारी घरी येतात, आणि सासूला अक्षर येत नाही. हेही लिहा, जावईबापू, गाळू नका.

४ मार्च

लेकीचा हुकूम सुटला — पाण्यात हात नाही, सुई नाही, भांडी नाहीत. हात थांबले की रेषा परत येतात म्हणे. कोपऱ्यावरच्या शिंपिणीला हाताने काजं करणारी हवी, म्हणून मला कामाचा परवाना हवा. आणि परवान्यासाठी काम बंद! धन्य ते सरकार.

लेक नर्स. ड्यूटीवरून आली की आडवी होते. मी येऊन पाच महिने झाले, माझ्याजवळ धड टेकली नव्हती. आज वाटीत कोमट तेल घेऊन बसली. एकेक बोट चोळलं.

"हलू नको ना, आई!"

"अगं, गुदगुल्या होतात!"

६ मार्च

हात मऊ झाले. जीभ आहे तशीच.

९ मार्च, रविवार

आज तर्जनी चोळता चोळता म्हणाली, "इथे नवीन आले तेव्हा तुला फोनवर मजेत आहे म्हणायचे, आणि फोन ठेवून जिन्यात रडायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तिकडे एकटी. ऐकून काय केलं असतंस?"

खरंय. मीही तिकडून मजेतच होते की!

मग बराच वेळ ती एकच बोट चोळत राहिली. मीही दुसरं पुढे केलं नाही.

१७ मार्च, सोमवार

नऊ बोटं पास! उजवा अंगठा तेवढा नाही. कचेरीतली बाईसुद्धा हळहळली. पुढच्या सोमवारी शेवटची संधी.

१८ मार्च

जावईबापू, आजचं लिहा, पण घरात बोललात तर खबरदार. दुपारी तुम्ही घोरता ना, तेव्हा मी तवा घासत होते. उजव्या अंगठ्याने. रोज. नऊ बोटं सरकारला दिली, एक माझ्यासाठी ठेवलं. परवाना हातात पडला की लेक पुन्हा आडवीच होणार! अंगठा अडला, तर अजून आठ दिवस तरी बसेल जवळ.

बघताय काय असे? लिहा. म्हातारीला वेड लागलंय, ठाऊक आहे मला. काल त्या बाईने एकतीस तारखेवर बोट ठेवलं, तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं. लेक जवळ बसावी म्हणून लेकच गमवायची! आता तव्याला शिवणार नाही. पण रेषा आठ दिवसांत येतात का, ते कुणी सांगावं.

२२ मार्च

दिवसातून दहा वेळा उजेडात धरून बघते. जावईबापू चष्मा देतात. काही दिसत नाही.

२४ मार्च, सोमवार

उमटला! पडद्यावर माझा अंगठा सुपाएवढा! लेक तिथेच गळ्यात पडली. रांगेतली माणसं बघत होती — बघेनात का.

२८ मार्च, शुक्रवार

परवाना आला. सोमवारपासून काजं. आज लिहायला लेक बसलीय. तिला तव्याचं सगळं सांगून टाकलं. तर हसते! "रोज तुझा अंगठा माझ्याच हातात असायचा, आई. खरखरीत लागायचा. मला कळत नव्हतं?"

मग बोलली का नाहीस, म्हटलं.

"मला तरी कुठे घाई होती!"